व्हील काय बोलतं?

ग्राइंडिंगची काळी धूळ रोज संध्याकाळी झाडली तरी सकाळी ती कॉलरमध्ये, डब्यात, कानात सापडतेच. आमच्या शॉपमधल्या किश्श्यांचं तसंच आहे. मी वाळूजच्या कारखान्यात ग्राइंडिंगवर काम करतो, राहतो बजाजनगरला. चहाला बसलो की एक किस्सा निघतो, त्याच्या मागं दुसरा. लई हसतो! पण हसून झालं की जो तो हळूच आपल्या कानात बोट घालून बघतो.

भीतीच तसली आहे. वर्षाला कान तपासतात. ज्याचे कान गेले त्याला मशीनवरून उतरवतात, आणि उतरवलं की दुसरं काम नाय, बसा घरी. त्यामुळं कानाला काय लावायचं हा आमच्याकडं पोटापाण्याचा प्रश्न आहे.

*

सुरुवातीला मी कापूस घालायचो. फर्स्ट एडच्या पेटीतला, फुकटचा! सुपरवायझर शिंदे साहेब ओरडायचे, "मिलिंद, अरे कापसानं थंडी अडते, आवाज नाही!" मला वाटायचं, जाऊ द्या, काहीतरी आहे ना कानात.

एका संध्याकाळी सायकलवर घरी निघालो. चौकात मागून एकदम हादरा बसला. वळून बघतो तर ट्रक माझ्या मागच्या चाकाला टेकलेला! ड्रायव्हर खाली उतरून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायला लागला. "बहिरा है क्या? कबसे हॉर्न मार रहा हूँ!"

म्हणलं, "माफ करा दादा, कानात कापूस राहिला." आणि काढायला बोट घातलं.

कापूस नव्हताच. दोन्ही कान मोकळे! तिथून घरापर्यंत मी सायकल हातात धरून चालत गेलो.

*

मग साहेबांनी फोमचे इअरप्लग आणले. आधी चोळून बारीक करायचा, कान वर ओढायचा, प्लग आत सरकवायचा, मग तो आत फुगतो. माझ्या शेजारच्या मशीनवरच्या दीपकला ते काही जमेना. साहेब वैतागून म्हणले, "अरे, तंबाखू मळतो तसा मळ ना!"

दीपकनं प्लग डाव्या तळहातावर घेतला आणि अंगठ्यानं मस्त मळला. त्याच तळहाताला सकाळपासूनचा चुना! घामानं चुना ओला झाला आणि दीपक कान धरून असा बोंबलला की पार पडेगावपर्यंत ऐकू गेलं असंल.

डॉक्टरनी कान धुतला. साहेबांनी झापलं तर रडत म्हणतो, "तुम्ही सांगितलं तस्संच केलं की!"

पोट धरून हसलो. पण नंतर आठवडाभर त्याला त्या कानानं ऐकू येत नव्हतं, तेव्हा कुणी हसलं नाय. दीपक तर जेवतही नव्हता.

*

तिसऱ्यांदा आले इअरमफ. हेडफोनसारखे, डोक्यावरून घालायचे, तीन प्रकारचे. साहेब म्हणले, "घालून बघा, ज्याला जे झेपंल ते घ्या." माझ्या चष्म्याची काडी मफच्या गादीखाली येऊन फट पडायची, तिथून आवाज घुसायचा. म्हणून मी मऊ गादीचा शोधत बसलो. दीपकनं डोळे झाकून सगळ्यात जाड उचलला. पोळलेला माणूस तो! घालून म्हणतो, "साहेब, स्वर्ग आहे हा! सासरवाडीला जायला अजून एक द्या!"

दुपारी आगीचा भोंगा वाजला. नुसती ड्रिल होती, सरावाची, पण आम्हाला काय माहीत! जीव घेऊन गेटवर पळालो. माणसं मोजली तर दीपक कमी. साहेबांचं तोंड पांढरंफटक पडलं. आम्ही परत आत धावलो, तर हा पठ्ठ्या एकटाच मुंडी हलवत ग्राइंडिंग करतोय! खांद्यावर हात ठेवला तर विचारतो, "जेवायची सुट्टी झाली व्हय?"

त्या दिवसापासून सगळ्यांना मधल्या ताकदीचा मफ. साहेब म्हणले, "कमी अडवलं तर कान जातो, जास्त अडवलं तर माणूस!"

*

मफ नाकारला तो एकट्या सलीम चाचांनी. चाचा आमच्यात सगळ्यात जुने. "मेरेकू नक्को. व्हील काय बोलतं ते ऐकायला लागतं रे."

ते खरंच होतं. नवं दगडी व्हील मशीनवर चढवायच्या आधी चाचा ते बोटावर टांगायचे आणि स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं ठोकायचे. टण्ण वाजलं तर व्हील चांगलं. बद्द वाजलं तर आत तडा, आणि तसलं व्हील फिरता फिरता फुटतं. मागं एक फुटलं होतं. तुकडा वरचा पत्रा फाडून गेला, समोर कुणी नव्हतं म्हणून वाचलं. ते भोक अजून आहे. त्याच्याखाली डबा खायला कुणी बसत नाय.

ठोकून झालं की चाचा आमच्या तोंडाकडं बघायचे. "क्या बोलता?" आम्ही माना डोलवायचो. मग ते म्हणायचे, "चढाव!" एवढा जाणता माणूस आपल्याला विचारतो, ह्याचं आम्हाला लई भारी वाटायचं.

*

कान तपासायची गाडी आली. चाचा नेमके त्याच दिवशी पैठणला, भाचीकडं. मागच्या खेपेलाही पैठणलाच होते. दीपक त्यांना चिडवतो, "चाचा, एकदा भाचीलाच इकडं बोलवा की!" चाचा नुसते हसतात.

मला गाडीतल्या बंद खोक्यात बसवलं, कानाला हेडफोन, हातात बटण. बीप ऐकू आला की दाबायचं. डोळ्यांपुढं तो ट्रकवाला. बीप ऐकू आल्यासारखा वाटला की दाब, नाय वाटला तरी दाब! तेवढ्यात तपासणाऱ्या बाईंनी दार उघडलं.

"अहो दादा, मी मशीन अजून चालूच केलं नाही!"

रिपोर्टमध्ये माझं बारीक आवाजांचं ऐकणं थोडं गेलेलं निघालं. बाई म्हणल्या, "गेलं ते परत येत नाही. राहिलंय ते जपा." मशीनवर ठेवलं मला, पण तेव्हापासून शॉपमध्ये पाय टाकायच्या आधी मफ चढवतो. भ्यालोय मी, सरळ सांगतो.

*

आता हा किस्सा आम्ही चहाला काढत नाय.

परवा माझ्या मशीनचं व्हील बदलायचं होतं. मशिनी बंद होत्या, पण मी आणि दीपक, दोघांच्या कानावर मफ तसेच. सवयच लागलीय. चाचांनी नवं व्हील बोटावर टांगलं, मुठीनं ठोकलं आणि आमच्याकडं बघितलं. मला मफमधून काही कळलं नव्हतं. दीपकनं मान डोलवली, म्हणून मीही डोलवली.

चाचांनी हातानं खूण केली, चढाव. दीपक पाना घेऊन पुढं झाला. मी माझ्या जागेवर, व्हीलच्या बरोबर समोर जाऊन उभा राहिलो. वर पत्र्यातलं ते भोक दिसलं. मी मफ काढून गळ्यात घेतला.

"थांब दीपक. चाचा, एकदा परत ठोका."

दीपकनंही मफ सरकवला. चाचांनी ठोकलं.

बद्द.

दीपकच्या हातातला पाना खाली पडला. चाचा व्हीलकडं बघतच नव्हते. एकदा माझ्या तोंडाकडं, एकदा दीपकच्या. हसू तसंच, व्हील अजून बोटावर टांगलेलं.

"क्या बोलता?" त्यांनी विचारलं.