गोजराबाईची तीन बोटं

माझी थोरली जाव गोजराबाई. ताम्हिणीत आन् आजूबाजूच्या वाड्यांवर कुनाची बी हळद असली की पैलं बोलावनं तिला. तिनं गानं उचललं की बायका हातातलं काम टाकून मागं म्हनायच्या. तीच बाई पुढं भाताचं शीत शीत करून खायला लागली, कारन तिचं तोंडच उघडंना.

सुरवात झाली अमोल गेल्यावर. तिचा एकुलता एक ल्योक, घाटात गाडीवरनं पडला. लगीन हून दोन वर्सं बी झाली न्हवती. सगळा गाव रडला, हिच्या डोळ्याला टिपूस न्हाई. सून शुभांगी धाय मोकलून रडत व्हती, तिला पोटाशी धरून ही बसली दातावर दात आवळून. मला तर रागच आला. कसली दगडाची बाई, म्हनलं मनात. चुकलंच माझं.

मग कानाफुडं ठणका सुरू झाला. जांभई आली की कट्‌कन वाजायचं आन् जबडा तितंच अडकायचा. आन् आमी लई शानी मानसं! मिसरीनं दाढ किडली म्हनून दोन दाढा उपटून घेतल्या. चांगल्या दाढा गेल्या, दुखनं हाय तितंच. शेवटी शुभांगीनं तिला भूगावच्या डॉक्टरीनबाईंकडं नेलं, मी बी गेले संगं. बाईंनी तिच्या कानाफुडं बोटं ठेवून तोंड उघडाय-मिटाय लावलं आन् इचारलं, झोपेत दात आवळता का? शुभांगीच बोलली, "तीन वर्सं झाली. मी शेजारी झोपते, मला ऐकू येतं."

दाढंत काय न्हवतंच, जबड्याचा सांधा धरला व्हता. झोपताना दातांवर घालायला पट्टी दिली, गरम फडक्यानं शेकायला सांगितलं, जेवन मऊ. आन् रोज जोर न लावता थोडं थोडं तोंड उघडायचं. एकावर एक तीन बोटं मावली म्हंजे बरं, म्हनाल्या.

त्याच टायमाला तिनं शुभांगीसाठी महाळुंग्याचा पियूष बघितला. व्हय, सासूनंच बघितला. भावकी म्हनाली, दुसऱ्या लग्नाला हळद कशाला, चार मानसांत उरकून टाका. ही उभी राहून भांडली. "माझ्या पोरीला हळद लागंल, आन् गानं मीच म्हननार."

मग रोज सकाळी आरशाफुडं बसायची. एक बोट, दीड बोट, दोन. दीड म्हैना असंच. हळदीच्या दिवशी तिसरं बोट आत गेलं तर मला हाक मारून दाखवलं, बोटं तोंडात तशीच ठिवून हसली.

हळदीला तिनं गानं उचललं. आवाज बारीक झाला व्हता, पन सूर त्योच. आमच्यात गान्यात नवऱ्या मुलाचं नाव गुंफायचं असतं. नावाची येळ आली, आन् तिच्या तोंडातनं आलं, अमोल.

गोजराबाईचं तोंड उघडं ते उघडंच. मला वाटलं, अडकला जबडा. शुभांगी पाटावरनं उठली आन् हळदीचे हात सासूच्या दोन्ही गालांवर ठेवले. "आत्या, आता दात आवळू नका," म्हनाली. तवा गोजराबाई रडली. तीन वर्सांचं एकदम, तोंड भरून, लेकाचं नाव घेऊन. मी बी रडले, लाज कसली त्यात.

दुसऱ्या दिवशी लगीन लागलं, शुभांगी गाडीत बसून गेली. सांजच्याला मी बघायला गेले तर पट्टी डबीत आन् तोंडात जेमतेम दोन बोटं.

"आता कुनासाठी उघडायचं गं?" म्हनाली.

माझं डोस्कंच फिरलं. "जेवायला," म्हनलं, "आन् माझ्याशी भांडायला."

चुलीवर पानी ठेवलं, फडकं गरम केलं. शेकायला गेले तर तिनं माझा हात धरला. गालावर शुभांगीची पिवळी बोटं तशीच व्हती. तिनं कालपासनं तोंड धुतलं न्हवतं.