सुनेसाठी घेतलेला चाकू

एप्रिलच्या दुपारी कूलरच्या ओल्या ताट्यांमधला वाळ्याचा गंध घरभर पसरतो आणि त्यातूनच गरम बेसनाचा, लसूण-जिऱ्याचा खमंग वास वाट काढत येतो, तेव्हा मला अर्धवट झोपेतही कळतं, वैशाली पाटवड्या थापते आहे. वैशाली माझी सून. म्हणजे परवापर्यंत सून. परवा तिचं दुसरं लग्न आहे. माझा एकुलता एक अमोल अपघातात गेला त्याला तीन वर्षं झाली. हे स्थळ मीच शोधलं, मीच तिच्या मागे लागले, तिच्या भिवापूरच्या आईवडिलांना मीच पटवलं. तेव्हा शहाणपण फार सोपं वाटलं होतं.

आता ती वाडीला जाईल. वाडी काही सातासमुद्रापार नाही, बसने फार तर अर्ध्या तासाची वाट. पण त्या घरात तिची नवी सासू असेल, आणि गेलेल्या नवऱ्याच्या आईने त्या दारात उभं राहून आपली ओळख काय सांगायची, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. साड्या झाल्या, भांडी झाली. मला मात्र रोज तिच्या हाताशी असेल असं काहीतरी द्यायचं होतं. आमच्या जुन्या चाकूला वडीचं पीठ चिकटतं आणि ही बाई ते अंगठ्याने निपटते. त्या अंगठ्यावर बारीक चिरांची जाळी झाली आहे. अमोल त्यावरून तिला रागवायचा आणि नवा चाकू आणायला दर रविवारी न चुकता विसरायचा.

म्हणून मी इतवारीच्या बाजारात गेले. बाहेर ऊन रणरणत होतं आणि दुकानातली पितळेची भांडी डोळ्यांत खुपत होती. दुकानदाराने लाल, हिरवे, काळे नॉनस्टिक चाकू समोर मांडले, तशी मी पिशवीतून डबा काढला. सकाळची पाटवडी मी सोबतच नेली होती. एकाची धार चांगली, पण तो वडीला बरोबर घेऊनच वर यायचा; दुसरा स्वच्छ सुटायचा, पण चिरण्याऐवजी वडीला दाबून तिचा जीव घ्यायचा.

"काकू, चाकू घेऊन राहिल्या की त्याची परीक्षा घेऊन राहिल्या?" दुकानदार हसला.

"सुनेसाठी पायजे," मी म्हणाले.

"मंग पोरगी नशीबवान आहे."

तो सहज बोलला. शेवटी हलक्या मुठीचा एक काळा चाकू वडीतून अलगद उतरला, पात्यावर पिठाचा कणही न ठेवता बाहेर आला, आणि भर दुकानात माझे डोळे भरून आले. मला हवा होता तसाच होता तो. तरी इतक्या सहजपणे सुटून येण्याचा मला विलक्षण राग आला. चाकू मी पुसून, बांधून घेतला.

संध्याकाळी ओट्यापाशी जाऊन मी तो वैशालीपुढे धरला. तिने झटकन हात मागे घेतले.

"हातात नका देऊ आई, ओट्यावर ठेवा. भांडण होते."

धारेची वस्तू हातातून हातात दिली की त्या दोघांत भांडण होतं, असं आमच्याकडे मानतात. इतकी वर्षं आम्ही हे नेमाने पाळलं. एकीने चाकू खाली ठेवायचा, दुसरीने उचलायचा. आणि खरंच आमचं कधी भांडण झालं नाही. अमोल गेल्यावरही आम्ही एकमेकींना जपतच राहिलो, मी नळ सोडून रडायची, ती गच्चीवर कपडे वाळत घालताना. सख्ख्या मायलेकी कडाकडा भांडतात, अबोला धरतात आणि मग तो मोडायला उन्हातान्हात धावत येतात. आमच्यात मोडायला असं काही कधी साठलंच नव्हतं.

मी हात मागे घेतला नाही.

"होऊ दे वं," मी म्हणाले. "भांडाले तरी येशील."

मग तिने ओढणीला हात पुसले आणि चाकू माझ्या हातातून घेतला.