डाव्या बाजूची नवरी

माझं लग्न जुळवताना मध्यस्थाने धुळ्याच्या पाहुण्यांना जे सांगितलं, ते मी दाराआडून ऐकलं होतं. "पोरगी म्हणजे गरीब गाय. मान वर करून बघणार नाही. भरतकाम, विणकाम, सगळ्यात हुशार." मी तोंडात पदर कोंबून हसले. सुई मी जन्मात एकदाच हातात धरली होती, तीही पायातला काटा काढायला.

मला येत होतं ते दुसरंच. रावेरला आमची केळीची बाग. बापूंना, म्हणजे माझ्या वडिलांना, मुलगा नव्हता आणि धीरही नव्हता, त्यामुळे पाय क्लचला पुरायला लागले तशी त्यांनी मला ट्रॅक्टरवर बसवलं आणि पुढे जीपवर. केळीच्या घडांची ट्रॉली घेऊन मी रेल्वेच्या मालधक्क्यापर्यंत जायची, ट्रकांच्या रांगेतून वाट काढत. स्टिअरिंग हातात आलं की मला कुणाची भीती वाटायची नाही. खोटं कशाला बोलू, जगात त्याच्याइतकं दुसरं काहीच मला आवडत नव्हतं.

पण त्या ट्रॅक्टरपायी माझं एक चांगलं स्थळ मोडलं होतं. पाहुणे ओसरीवर चहा पीत होते आणि मी, त्यांच्याच गाडीला अंगणात जागा व्हावी म्हणून, ट्रॅक्टर रिव्हर्स घेत बाहेर काढला. पाहुण्यांनी बशा खाली ठेवल्या त्या ठेवल्याच. म्हणून धुळ्याचं ठरल्यावर आईने मला देवघरात नेलं आणि शपथ घातली, "सासरी जाऊन स्टिअरिंगला हात लावशील तर माझं मेलेलं तोंड बघशील." मी खूप रडले. सगळ्यांना वाटलं, माहेर सुटणार म्हणून रडतेय. बाई गं, माहेर काय, दिवाळीला परत भेटणारच होतं!

आता गाडीचं सांगते. नवरदेव धुळ्याच्या एका तेलाच्या मिलमध्ये इंजिनिअर. मिलच्या शेठजींचा त्यांच्यावर भारी जीव. शेठजींच्या मुलाने परदेशातून एक लाल गाडी आणवली होती, ती त्यांनी आपल्या ड्रायव्हरसकट लग्नाला दिली. लालभडक, चपटी, जमिनीपासून वीतभर वर, आणि किंमत ऐकून आमच्या बापूंना ठसका लागला. तेवढ्यात केळीची किती तरी एकर आली असती म्हणे. नवरदेव त्या गाडीतून आले तेव्हा रावेरची निम्मी माणसं मांडवाऐवजी गाडीभोवती. अक्षता पडल्या त्याही बऱ्याचशा बॉनेटवरच.

दुसऱ्या दिवशी निघायची वेळ झाली आणि घोळ लक्षात आला. त्या गाडीत सीटाच दोन! येताना ड्रायव्हर आणि नवरदेव असे दोघं आले होते. जाताना नवरी वाढणार, हे एवढ्या मोठ्या वऱ्हाडात एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. लग्नालाच तर आले होते सगळे! मग अंगणात पंचायत बसली. ड्रायव्हर आणि नवरी जाऊ द्या, नवरदेव बसमधून येईल. "काहीतरीच! परक्या माणसाबरोबर नवरी एकटी?" मग ड्रायव्हर आणि नवरदेव जाऊ द्या, नवरी बसमध्ये. "मग वरात कशाला म्हणायचं तिला?" शेवटी नवरदेवच पुढे झाले. "मी चालवतो."

"तू?" माझे सासरे म्हणाले. त्यांना सगळे आबा म्हणत. उंच, मिशाळ, कमी बोलणारे. पुढे मला कळलं की मुलाला शिकवताना त्यांची जीप दोनदा उकिरड्यात गेली होती. पण व्याह्यांसमोर मुलाचा पाणउतारा कसा करायचा? आबा "तू?" एवढंच म्हणाले आणि बसच्या केबिनमध्ये जाऊन बसले. शेठजींचा ड्रायव्हर रात्रीच्या वरण-बट्टीच्या गुंगीत होता, तो बसच्या शेवटच्या सीटवर आडवा झाला. सासूबाई पहाटेच्या जीपने धुळ्याला पुढे गेल्या होत्या, घरच्या तयारीला.

आणखी एक गंमत होती. परदेशी गाडी ती, तिचं स्टिअरिंग डावीकडे. म्हणजे नवरदेव डावीकडे बसले आणि मी उजवीकडे, जिथे आपल्याकडे ड्रायव्हर बसतो तिथे. मुंडावळ्या, शालू, हिरवा चुडा आणि समोर स्टिअरिंगच नाही! हात कुठे ठेवावेत तेच कळेना मला. डोळ्यांत आईचा निरोप घेतल्याचं पाणी आणि पायाखाली नसलेला क्लच मी आपली दाबतेय.

गाडी निघाली ती गचके खात. गिअर बदलायला नवरदेव सवयीने डावा हात झटकायचे, तो धाडकन दारावर आपटायचा, मग "अरे हो" म्हणून उजव्या हाताने गिअर शोधायचे. एवढी मोठी शर्यतीची गाडी, पण आम्हाला सावद्याच्या आधी एका सायकलवाल्याने मागे टाकलं. जाताना त्याने घंटीही वाजवली मेल्याने.

आणि मागे ती बस! सावद्यापासून आमच्या शेपटीला चिकटली. आरशात दुसरं काही दिसेचना, नुसतं बसचं तोंड, त्यावर बांधलेले आंब्याचे डहाळे आणि वर अखंड हॉर्न. नवरदेव गाडी पळवू लागले की बस पळायची, ते हळू झाले की बस कचकन ब्रेक मारायची आणि आत भांडी पडल्याचा आवाज यायचा.

"काय झालंय यांना?" नवरदेवांनी कपाळाचा घाम पुसला. लग्नानंतर त्यांनी माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

मी मागे वळून पाहिलं. केबिनच्या काचेला नाक लावून आत्याबाई उभ्या होत्या. आत्याबाई म्हणजे आबांची थोरली बहीण. त्या बोलल्या की आबाही गप्प बसत. त्या हाताने खुणा करत होत्या: डावीकडे, डावीकडे. "डावीकडे घ्या म्हणतायत," मी सांगितलं. नवरदेवांनी डावीकडे घेतली. आत्याबाईंचा हात आणखी जोरात हलायला लागला. त्यांनी आणखी डावीकडे घेतली. चाक डांबरावरून खाली गेलं, बाभळीची फांदी काचेवरून सरकली, मी "आई गं!" म्हणून ओरडले आणि गाडी आचका देऊन बंद पडली. मागे बस इतक्या जवळ थांबली की तिच्या इंजिनाची धग माझ्या मानेला लागली.

आत्याबाई खाली उतरल्या. तरातरा आल्या. गाडी त्यांच्या कमरेइतकी, वाकून आत बघायला त्यांचं दुखरं कंबरडं साथ देईना. तिथूनच, टपाशी बोलल्यासारख्या गरजल्या, "नवरी नवरदेवना डाव्या अंगले बठस! उजव्या अंगले कोन बठाडं तिले? एवढा हॉर्न वाजाडा, आयकू नही येस का?"

तर हे होतं! लग्नात पुरोहितबुवांनी मला नवऱ्याच्या डावीकडे सरकवलं होतं, आणि आता सगळ्या रस्त्याने आम्ही उलटे बसून धुळ्याला चाललो होतो. आत्याबाईंच्या जिवाची काहिली झाली होती.

"आत्या, पण तिकडे स्टिअरिंग शे," नवरदेव कळवळून म्हणाले.

"तठे काय शे ते राहू दे! जागा बदल आधी!"

मी मान खाली घातली. गरीब गायच ना मी. "आत्याबाई म्हणतात तर बसते," म्हणाले आणि शालू सावरत उतरले. नवरदेव गाडीच्या पुढच्या बाजूने फिरून येत होते, तिथे आमची गाठ पडली. ते पांढरेफटक. "अहो, तुम्ही तिकडे बसलात तर चालवायचं कोणी?"

"मला येतं," मी म्हटलं.

"काय येतं?"

"ट्रॅक्टर, जीप. ट्रकही थोडा."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू अंतरपाट आत्ताच दूर झाला होता. मग ते हसायला लागले. मिशीच्या खाली दाबून दाबून, खांदे हलेपर्यंत. आणि मुकाट्याने उजवीकडे जाऊन बसले.

आईची शपथ मला आठवत नव्हती असं नाही. चांगली आठवत होती. पण शपथ सासरी हात न लावायची होती, आणि सासर अजून लागलं कुठे होतं? भुसावळदेखील आलं नव्हतं. धुळ्याचा उंबरा ओलांडला की संपलं, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे हातात होता तो एवढाच रस्ता. मी सीट पुढे ओढली, बांगड्या कोपरापर्यंत सरकवल्या आणि किल्ली फिरवली.

काय गाडी होती हो! ट्रॅक्टरला बैल म्हणावं तर ही हरणी. पाय टेकवला की पाठ सीटला चिकटायची. तापीच्या पुलावर मी मोठ्याने हसले आणि नवरदेवही हसले. मागून आत्याबाईंना दिसत होतं ते बरोबर: नवरी डावीकडे, नवरदेव उजवीकडे, ड्रायव्हरच्या जागी. त्यांनी म्हणे समाधानाने पानाचा डबा उघडला. बसवाल्याला सगळं कळलं असणार, पण लग्नाच्या बसचा ड्रायव्हर नवरीबद्दल तोंड उघडत नसतो.

मागे चिकटणारे मात्र संपले नाहीत. बसची शंका फिटली तर केळीचा ट्रक आला, मग पोरांनी भरलेली जीप, मग दूधवाल्याची फटफटी, कॅन खडखडत. प्रत्येकाला ती लाल गाडी जवळून बघायची होती, आणि जवळून म्हणजे नाक लावून. नवरदेव सारखे मागे वळायचे. "लावली! त्याने आता लावलीच! शेठजींना काय तोंड दाखवू?"

बापूंची शिकवण माझ्या हाडात होती. मागचा चिकटला की पळायचं नाही, चिडायचं तर मुळीच नाही. आधी दोनदा ब्रेकला नुसता पाय लावून लाल दिवा दाखवायचा, मग बाजू द्यायची आणि हात काढून त्याला पुढे घालवायचं. पण हात काढायचा उजव्या खिडकीतून, आणि मी बसले डावीकडे. "अहो, हात काढा."

"कोणता?"

"तुमचा! बाहेर! त्याला म्हणावं, जा पुढे."

हळकुंड बांधलेला तो हात बाहेर निघाला आणि केळीचा ट्रक हॉर्न देत पुढे गेला. नवरदेवांना हा खेळ इतका आवडला की नंतर मी न सांगताच ते हात काढू लागले. समोरच्याला ओलांडायचं तर मला पुढचं दिसायचं नाही, तेही काम त्यांचंच. "येतंय का काही?" "काही नाही, घ्या." "आता?" "थांब, थांब! बैलगाडी!" घाबरून ते पहिल्यांदा मला 'तू' म्हणाले. जळगाव मागे पडलं, गिरणेचा पूल गेला, एरंडोलला आम्ही एकमेकांच्या शाळा-कॉलेजपर्यंत पोचलो होतो. पारोळ्यात त्यांनी कबूल केलं की त्यांना गाडी चालवायची भीती वाटते, आणि मी कबूल केलं की मला विणता येत नाही. मग आईची शपथही सांगितली. "आबांपुढे माझं काही चालत नाही गं," एवढंच म्हणाले. मला एकदम रडू आलं, पण रस्ता दिसायला हवा म्हणून गिळलं.

धुळ्याच्या अलीकडे एका मारुतीच्या देवळापाशी वरात थांबवून नारळ फोडायची त्यांची रीत. आम्ही बसच्या बरेच आधी पोचलो. आत्याबाई ओरडल्या तरी चालतील, पण स्टिअरिंगमागे मी आबांना दिसायला नको, म्हणून बस दिसायच्या आत पुन्हा जागा बदलल्या. पण घाईत सीट मागे करायची राहिली! मी पुढे ओढलेल्या सीटमध्ये हा लंबूटांग माणूस शिरला आणि गुडघे थेट हनुवटीला. तशा अवतारात ते बसलेले, आणि आबा समोर उभे.

आबांनी मुलाचे गुडघे पाहिले. मग माझ्याकडे पाहिलं. नारळ फुटला, खोबरं वाटून झालं. मग आबा मुलाला म्हणाले, "उतर. तू बसमा ये."

"आबा?"

"उतर म्हनतो ना." आणि ते कष्टाने दुमडत उजव्या सीटवर बसले. नारळासाठी उतरलेली मी अजून बाहेरच उभी. मला म्हणाले, "चाल, सूनबाई. आत्यानी सांगेल शे, तुनी जागा डावीकडे."

मी शालू सावरून स्टिअरिंगमागे बसले. क्लच दाबला आणि गाडी निघाली. शहरात शिरताना एक रिक्षा मागे चिकटली, कर्कश वाजवत. मी दोनदा दिवा दाखवला, बाजू दिली. आबांनी न सांगता हात बाहेर काढला. रिक्षा गेली. आबांनी मांडीवर थाप मारली, "हाई पाहा! अशी!" मग विचारलं, "कोनी शिकाडं?"

"बापूंनी."

"आईले चालस?"

मी शपथ सांगितली. ते मिशी चोळत राहिले. एवढ्यात गल्ली आली. दारात रांगोळी, माप, बँडवाले, आणि सासूबाई ओवाळायचं तबक घेऊन उभ्या. त्यांनी नवरदेवाच्या जागी आपलाच नवरा बसलेला पाहिला आणि त्यांच्या हातातलं निरांजन कलंडलं. "अहो, पोरगा कुठे आहे? मी ओवाळू कुणाला?"

मी इंजिन बंद करायला हात पुढे केला. संपलं होतं माझं.

"थांब," आबा म्हणाले. "उतरनी का सासर लागनं. आखो एक चक्कर मार."

म्हणजे उतरेपर्यंत सासर लागलेलं नव्हतं! आणि आम्ही सासूबाईंसमोरून, बँडवाल्यांसमोरून, सगळ्या गल्लीला वळसा घातला. मी हसत होते की रडत होते, मलाच माहीत नाही. परत दाराशी आलो तोवर बसही आली होती आणि नवरदेव आत्याबाईंच्या शेजारून उतरत होते. आबा गाडीतून निघता निघता खाली वाकून मला म्हणाले, "तुनी मायनी शपथ शे, ती तिलेच सोडना पडी. सोळाव्या दिवसले मी जासू रावेरले."

"कसे जाल, आबा?"

"जीपमा. तूच चालाव."

शपथ सोडवायला जाताना ती वाटेतच मोडणार, हे त्यांच्या लक्षात आलं होतं की नाही कोण जाणे. मी काही आठवण करून दिली नाही. मान खाली घातली आणि उजव्या पायाने माप ओलांडलं.