हात पुरेल अशी फळी

मामी गेल्याची बातमी मला साकोलीच्या बसस्थानकावर कळली. "तुही मामी गेली, बाई..." मामा फोनवर एवढंच बोलले. मागून दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज आला. भरदिवसा ते शटर पडलेलं मी कधीच ऐकलं नव्हतं.

करडी गावातलं मामा-मामीचं ते किराणा दुकान लहानसं, पण तिथं काय ठेवायचं हे मामी ठरवायची, कंपनी नाही. तूरडाळीचं नवं पोतं आलं की मूठभर डाळ आधी तिच्या चुलीवर चढायची. शिजली नाही तर पोतं परत. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, प्रत्येक गावाचा दिवस वेगळा, आणि त्या दिवशी घरोघरी पाहुणे. म्हणून येईल त्या गिऱ्हाइकाला ती विचारायची, "तुमच्याकडं मंडई कवा हाय?" त्यावरून साखर, पोहे, बेसन मागवायची.

गेल्या वर्षी आमची मंडई तोंडावर असताना तेलाच्या कंपनीचा एजंट अडून बसला. त्याला कंपनीच्या मालासाठी समोरची, कमरेच्या उंचीची फळी हवी होती. नाहीतर तेल बंद. त्या फळीवर मीठ, डाळ, चहापत्ती असायची... म्हाताऱ्या माणसांचा हात पुरावा म्हणून. मामी म्हणाली, "फळी नाही भेटत."

तेल खरंच बंद झालं. गावात कुरबुर सुरू झाली. मी मोर्च्यांची पत्रकं वाचत वाढलेली. संतापून कंपनीविरुद्ध पत्रक लिहायला बसले. मामी हसली. "लिव्ह ना. पण तुह्या पत्रकात भजे तळता येते का? पयले तेल पाहू."

तिनं आसपासच्या गावांतल्या दुकानदारांना फोन लावले. "तुमची मंडई आमच्या मागून हाय ना? मंग तेल आता आमाले द्या, तुमच्या मंडईले मी पुरवतो." संध्याकाळपर्यंत मोटारसायकलींवरून पिंपं येऊ लागली. पुढं सगळ्यांनी मिळून तुमसरहून टेम्पो भरून तेल आणलं. ज्याची मंडई जवळ, त्याच्या दारात ते आधी उतरलं. 'एकजूट' हा शब्द मी लहानपणापासून छापलेला पाहत आले होते. तेलकट हातांनी तो दुकानात उतरताना त्या दिवशी पाहिला, आणि माझं पत्रक अर्धंच राहिलं.

परवा तोच एजंट भेटायला आला. चहा संपवून फळीकडं पाहत म्हणाला, "आता तरी, काका..."

तेवढ्यात शेजारच्या कौसाबाई आल्या. त्यांना आता फारसं दिसत नाही. बोलता बोलताच त्यांनी हात लांबवला आणि मिठाचा पुडा उचलला.

"जागा खाली नाही, बावा," मामा एजंटला म्हणाले. मग कौसाबाईंकडे वळून त्यांनी विचारलं, "तुमच्या लेकीकडं मंडई कवा हाय?"