आधी वरचा, मग खालचा

अंबूबाईचा उभा जन्म मेंढ्यांच्या मागं पायी गेला आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी बाईला गाडीचं वेड लागलं. वेड म्हणजे कसलं! झोपेतसुद्धा तिचा उजवा पाय ब्रेक दाबायचा.

झालं असं. दिवाळीनंतर जतचा दुष्काळी माळ सोडून त्यांचा कळप दरवर्षी कऱ्हाडकडं जायचा. खतासाठी लोक आपल्या रानात मेंढ्या बसवून घेत. मलकापूरच्या लालासाहेबांच्या रानात कळप बसला, तेव्हा त्यांच्या गॅरेजात ही वाकून वाकून गाड्यांची पोटं बघायची. फौजेत वीस वर्षं गाड्या दुरुस्त करून आलेला तो माणूस. एके दिवशी म्हणाला, "ताई, बघत काय बसलाय? शिका की!" ऊस तुटून गेलेल्या रानात आठ दिवसांत बाई गाडी हाकायला लागली, आणि पुढच्याच वर्षी चारी चाकांना जोर असलेली एक जुनी पिकअप वस्तीवर आली. पाठीवर पाण्याची टाकी घेऊन माळावर कुठंही चढायची.

नवरा हरिबा मात्र त्या गाडीला लोखंडच म्हणायचा. "एकदा जरी मेंढरं तान्हेली राहिली, तर त्याच दिशी इकून टाकीन," असं त्यानं बजावलं होतं. आणि हरिबा बोलल्यासारखं करणारा माणूस होता.

कळप जतला परतल्यावर मे महिन्यात टाकी भरताना गाडीची चाकं तळ्याच्या चिखलात पार बुडाली. कशीबशी ती बाहेर निघाली. फोनवर लालासाहेब म्हणाले, "मागच्या चाकांच्या मधी लोखंडी गोळा हाय न्हवं, डिफरन्शिअल, त्यात पाणी शिरलं असंल. पुढचा गोळा आन् मधली ट्रान्सफर केस, म्हंजे पुढं-मागं जोर वाटणारी पेटी, सगळ्याचं तेल बदला. पण ध्यानात ठेवा. आधी वरचा बोल्ट, मग खालचा. वरनंच नवीन तेल भरायचं असतंय."

"बदलते की! त्यात काय!"

दुसऱ्या दिवशी हरिबा मेंढ्या घेऊन दूरच्या माळावर गेला. दुपारच्या आत तिथं पाणी पोचवायचं होतं. अंबूबाई पहाटेच गाडीखाली शिरली. मागच्या गोळ्याचा वरचा बोल्ट सुटला, खालचा सुटला आणि दूध घातलेल्या चहासारखं तेल घमेल्यात पडलं. "बाई गं, खरंच पाणी!" ती एकटीच ओरडली. आता नवीन तेल भरायचं कसं? भोक बाजूला, नरसाळं चालेना. मग तिला मेंढ्यांना जंताचं औषध पाजायची मोठी पिचकारी आठवली. धावत जाऊन घेऊन आली, तेल ओढलं, नळी भोकात घातली आणि दाबली. मेंढीच्या ओठातून औषध ओघळलं की पुरे, तसं इथंही भोकातून तेल ओघळलं की पुरे. तिला इतका आनंद झाला, की गाडीखाली पडल्या पडल्याच ती मोठ्यानं हसली. पुढचा गोळाही तसाच उरकला.

त्या आनंदातच घात झाला. ट्रान्सफर केसचा खालचा बोल्ट तिनं आधी फिरवला. तेल भळभळ वाहून गेलं आणि वरचा बोल्ट जागचा हलेना!

तिनं पाना लावला, लोंबकळली, दोनदा शिव्या घातल्या. बोल्ट ढिम्म. ऊन चढत चाललं. पोटात तेल नाही, गाडी हलवायची सोय नाही, आणि तिकडं माळावर जिभा बाहेर काढलेली मेंढरं. तिला रडू फुटलं. तशीच तिनं फोन लावला.

"आधी खालचा सोडलासा व्हय?" लालासाहेब खवळले. "आता रडू नगा. बोल्टाच्या भवतीनं हातोडीनं हलकं ठोका. मग पान्याच्या दांड्याला लांब पाईप घाला आन् हिसका न देता दाबा."

टाकीच्या नळाचा पाईप तिनं पान्यावर चढवला. ठोकलं. दाबलं. डोळे मिटून बिरोबाचं नाव घेतलं आणि सगळा भार टाकला. कट्ट!

"सुटला!" तिची आरोळी ऐकून कोंबड्या कुंपणाबाहेर उडाल्या.

तिनं तेल पाजलं, बोल्ट आवळले, वाटेत तळ्यावर टाकी भरली आणि पिकअप माळावर अशी घातली की धुरळा वस्तीपर्यंत दिसला. सूर्य अजून डोक्यावर यायचा होता. मेंढ्या टाकीच्या आवाजानंच धावत सुटल्या.

पाणी पिऊन झालं की हरिबा नेहमी कळप मोजायचा. काठी टेकवत, दोन-दोन करत त्यानं मोजलं. मग बायकोच्या काळ्या हातांकडं आणि दप्तरासारख्या काखेत धरलेल्या पिचकारीकडं पाहिलं.

"औषध कुणाला पाजलंस गं?"

तिनं मान खाली घालून सगळं सांगितलं, खालच्या बोल्टाचीही चूक सांगितली. तो काठी बाजूला ठेवून खाली बसला. मग म्हणाला, "दोनशे बारा भरली."

"आवं, दोनशे अकराच हायती आपली. चुकलासा. परत मोजा."

हरिबा उठला आणि पिकअपच्या तापलेल्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, "चुकलो न्हाई. हिला धरून मोजलीत."