भोंगामामाची लाठी

लालबागच्या आमच्या चाळीत दोन भोंगे होते, एक गिरणीचा आणि एक आमच्या मामाचा. मामा तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत उभा राहून कोपऱ्यावरच्या चहावाल्याला हाक मारायचा, तेव्हा पलीकडच्या चाळीतली माणसंसुद्धा दचकून 'ओ' द्यायची. त्याचं खरं नाव रेशनकार्डावर होतं आणि तिथंच राहिलं. लहानथोर सगळे त्याला भोंगामामाच म्हणत.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली आणि या आवाजाचं सोनं झालं. मोर्च्यात मामा पुढे. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..." असं म्हणून तो थांबायचा. ते थांबणं असं असायचं, की मागच्या हजारांच्या घशात "झालाच पाहिजे!" आपोआप उसळायचं. मी तेव्हा मॅट्रिक होऊन मामाकडेच राहत होते. गिरणीत साच्यावर पाळी करून आलेला माणूस कपडेही न बदलता परत निघायचा, तेव्हा मामी चिडायची. "गिरणीत बोंबलून भागला नाय म्हणान आता रस्त्यार," असं तोंडाने म्हणायची आणि हाताने त्याच्या खिशात भाजलेले शेंगदाणे भरायची.

दोष नव्हते असं नाही. विडीचं बंडल त्याला दिवसाला पुरत नसे. दारूबंदी होती म्हणून दारू मिळत नव्हती असं मात्र कुणी समजू नये. शनिवारी संध्याकाळी मामा मागच्या गल्लीत जाऊन यायचा, मामी त्याला 'काढो' म्हणायची. काढा घेतला की तो भांडायचा नाही, रडायचाही नाही; नुसता प्रेमळ व्हायचा आणि मला विचारायचा, "गो चेडवा, तू जेवलंस मां?" एकदा एका संध्याकाळी त्यानं हे मला सात वेळा विचारलं. मी सातही वेळा "जेवले" म्हटलं.

मग एका मोर्च्यात त्याला लाठी बसली. चौघांनी त्याला घरी आणलं. खांदा काळानिळा झालेला. मीच हळद आणि तुरटी गरम करून लेप घातला. तीन दिवस त्याला घास उचलता येईना, मामीनं लहान पोरासारखं भरवलं. अख्खी चाळ बघायला येऊन गेली. तळमजल्यावरच्या तालमीचे वस्ताद, जे कुणाच्या पाया पडत नसत, ते मामाच्या पाया पडले. तेव्हापासून मामाचा खांदा हा सगळ्या चाळीचा खांदा झाला. कुणी निर्गुडीचा पाला आणून दे, कुणी कापूर घातलेलं खोबरेल. महिन्याभरात तो बराही झाला.

वर्षभरानं मी परळला एका इस्पितळात नर्सिंग शिकायला लागले आणि हॉस्टेलवर राहायला गेले. रविवारी मामाकडे यायचे. एका रविवारी पाहिलं, तर मामाचं दुखणं पुन्हा उठलेलं. "थंडी पडली की लाठी जागी होता," तो कौतुकानं म्हणायचा. वस्ताद रोज येऊन खांदा रगडून जायचे.

आणखी एक गोष्ट. मामा जिना चढताना प्रत्येक वळणावर थांबायचा. पहिल्या मजल्यावर "काय वयनी, भाकऱ्यो झाल्यो?", दुसऱ्यावर "पोरगो शाळेत जाता मां?" लोकांना वाटायचं, काय माणूसवेडा माणूस! मलाही तसंच वाटायचं. पण त्या दिवशी मी त्याच्या मागून चढत होते. वयनी काय सांगत होत्या याकडे त्याचं लक्षच नव्हतं. तो कठडा धरून श्वास गोळा करत होता, आणि कपाळावर घाम होता. पौषातला.

दुपारी मी तेलाची वाटी घेऊन बसले. "कुठं दुखतं?" म्हटलं. त्यानं डावा खांदा पुढे केला. "हय. मगे हात भरून येता, करंगळयेपर्यंत. कधी कधी दाढ पण ठणकता." माझा हात तेलातच राहिला. तीन दिवस मामीनं भरवलं होतं, कारण त्याचा उजवा हात उचलत नव्हता.

"मामा, लाठी उजव्या खांद्यावर बसली होती."

तो हसला. "दुखणा फिरता गो."

"फिरत नाही. वॉर्डात अशी माणसं बघते मी रोज. हे छातीचं असू शकतं. उद्याच्या उद्या डॉक्टरांना दाखवायचं, आणि ती विडी आधी टाका."

त्यानं विडी टाकली नाही. गॅलरीबाहेर बघत, भोंग्याला न शोभेल अशा आवाजात म्हणाला, "लाठयेचा दुखणा म्हणान लोक मान देतत. विडयेचा आणि दारवेचा दुखणा कोणाक सांगू? तू गप रव. पुढच्या रविवारची सभा होऊंदे, मगे येतंय." मी गप्प राहिले. आठ दिवस गप्प राहिले, याचा मला आजही राग येतो.

पुढच्या रविवारी सकाळी सगळी चाळ सभेला निघाली. मामा पुढे. उतरता उतरता दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो खाली बसला. चेहरा राखेसारखा, मूठ छातीवर दाबलेली. एकच गलका झाला, "लाठी उठली, लाठी उठली! वस्तादांना बोलवा!" वस्ताद धावत वर आले आणि दोन्ही अंगठे त्याच्या खांद्यात रुतवू लागले. कुणीतरी त्याला उठवून चालवायला बघत होतं. मामा माझ्याकडे बघत होता. बोलू नकोस, असं ते बघणं होतं.

"हात लावू नका!" मी ओरडले. त्या घराण्याचा आवाज माझ्यातही आहे, हे मला त्या दिवशी कळलं. "हे लाठीचं नाही. लाठी उजवीकडे बसली होती. हे काळजाचं आहे, विडी आणि दारूचं. चालवू नका त्यांना, खुर्ची आणा!"

वस्तादांचे अंगठे खांद्यावरून निघाले. मग वस्तादांनीच खुर्ची आणली आणि चौघांनी मामाला बसल्या बसल्या उचलून खाली नेलं. इस्पितळात डॉक्टरांनी तपासलं आणि मला म्हणाले, "चालवत आणला असता तर पोचला नसता."

मामा वाचला. पण दीड महिना माझ्याशी बोलला नाही. मी औषध द्यायचे, तो भिंतीकडे तोंड करून घ्यायचा. शेवटी एके दिवशी म्हणाला, "चाळीसमोर माझी लाठी काढून घेतलंस गो." मला रडू फुटलं. तेव्हा तोच म्हणाला, "जेवलंस मां?"

विडी सुटली, काढा सुटला. आणि डॉक्टरांच्या हुकमाने ओरडणंही सुटलं. मोर्चे खालून जायचे आणि तो गॅलरीत नुसते ओठ हलवायचा. राज्य झालं त्या सकाळी मिरवणूक चाळीखाली थांबली आणि सगळ्यांनी सवयीनं वर पाहिलं. मामानं माझं मनगट धरलं. "घोषणा तू दी." मी गॅलरीच्या कठड्यावर वाकून ओरडले, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..." आणि त्याच्यासारखीच थांबले. खालून "झाला! झाला!" असा गजर उठला. मामाच्या डोळ्यांतलं पाणी मी पुसलं नाही, वाहू दिलं.

त्यानंतर दोन वर्षं तो होता. एका दुपारी त्याच गॅलरीत, खुर्चीत बसल्या बसल्या गेला. आता गिरणीचा भोंगाही नाही आणि मामाचाही नाही. जिन्यात कुणी गप्पा मारायला थांबलं, की मी अजून त्याचा हात कुठं आहे ते बघते. आणि कधी कुणी साधं "जेवलात का?" विचारलं, तरी मला ते आणखी सहा वेळा ऐकावंसं वाटतं.

त्याला न्यायच्या वेळी चाळीच्या अंगणात ही गर्दी होती. वस्ताद पुढे उभे होते. डोळे पुसत मोठ्यानं म्हणाले, "त्या लाठीनंच नेलं हो आमच्या भोंगामामाला." आणि बोलून गेल्यावर एकदम थांबले. जिन्यातला तो रविवार त्यांना आठवला असावा. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हो," मी म्हटलं. "लाठीनंच."