कुलपाआडचं प्रस्थान

माझी सून मोठी हुशार. धाकट्याकडे विमानानं जायचं ठरलं, तर आठवडाभर आधीपासून तिनं मला शिकवणी लावली. "आई, काही टेन्शन घेऊ नका. लवकर पोचायचं, सामान हलकं ठेवायचं, तिकीट हाताशी ठेवायचं. मग विमानतळावर काही त्रास होत नाही." मी आपली हाव-हाव म्हणत राहिले. तिकीट हाताशी ठेवायचं, हे ती मला सांगते! अगं बाई, त्या एका गोष्टीनं माझ्या मायचा जीव आयुष्यभर जळत राहिला. तुझा जन्म तरी झाला होता का तेव्हा?

आमचं गाव वरवट बकाल. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं, त्यामुळे मोठं काम निघालं की नागपूर. इंग्रज नुकताच गेला होता. माझा दादा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा, दिल्लीला सरकारी कचेरीत लागला होता. एका रविवारी त्याच्यासोबत राहणाऱ्या मित्राची तार आली की दादाला दवाखान्यात ठेवलंय, प्रकृती फार बिघडली, लगेच या.

माय, बाबा आणि मी बैलांच्या दमणीत बसून शेगाव गाठलं. तिथून रेल्वेनं सोमवारी सकाळी नागपूरला सीताबर्डीत, मावशीकडे. दिल्लीची गाडी निघून गेलेली. दुसरी उद्या, आणि ती परवा संध्याकाळी पोचवणार. मावशीचे यजमान म्हणाले, बुधवारी सकाळी विमान आहे, दुपारी दिल्लीत उतरवतं. बाबांनी त्याच पावली जाऊन दोन तिकिटं काढली. एक मायचं आणि एक माझं, कारण मला चार इंग्रजी अक्षरं वाचता येत होती. आम्हाला विमानात बसवून मागून गाडीनं यायचं असं त्यांनी ठरवलं. दोघी बायकांना परगावात सोडून आधी जायला त्यांचा धीर होईना.

तिकीट देणाऱ्या बाबूनं त्यांना सगळं समजावलं होतं. सामान थोडं आणा, तिथे माणसालाही काट्यावर उभं करून तोलतात, कानात कापूस घाला, वेळेआधी या, आणि तिकिटं सांभाळा, त्याशिवाय आत सोडत नाहीत. बाबा ते धडा पाठ केल्यासारखं आम्हाला ऐकवत होते. मायनं दादासाठी आणलेली लोणच्याची बरणी गाठोड्यातून काढली, परत ठेवली, परत काढली.

"काट्यावर मले काऊन उभं करतात वं?" तिनं मला विचारलं. "मी काय सरकी हाओ?"

दादा आजारी पडल्यापासून ती हसण्यासारखं बोलली ते तेवढंच.

आणि मग बाबांच्या ध्यानात आलं की बुधवारी उत्तरेला दिशाशूल, त्या वारी तिकडे निघणं अशुभ. मंगळवारीही तेच. दिल्ली तर थेट उत्तरेला! दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं की मरो तो दिशाशूल. पण आमच्याकडे त्यावर तोड होती. वाईट वारी निघायचं असलं की आधीच्या चांगल्या वारी प्रस्थान ठेवायचं. सुपारी, हळद, तांदूळ आणि प्रवासातलं एखादं वस्त्र फडक्यात बांधून, ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या परक्या घरात नेऊन ठेवायचं. मग प्रवास त्याच दिवशी सुरू झाला असं धरतात. नेमक्या दिवशी जाताजाता ती पुरचुंडी उचलायची. मध्ये मात्र ती घरी आणायची नाही, आणली की प्रस्थान मोडलं.

मावशीच्या घराच्या उत्तरेला एक विधवा बाई एकटी राहायची. बाबांनी सोमवारी संध्याकाळी तिच्या देवघरात प्रस्थान ठेवलं. मायचं लुगडं, सुपारी, हळद, तांदूळ. आणि त्यातच दोन्ही तिकिटं. मी म्हटलं, "बाबा, तिकिटं राहू द्या न जवळ." ते डाफरले, "तुले काय समजते? तिकीट निंगालं म्हणजेच माणूस निंगाला."

तिथून ते तडक तारघरात गेले आणि दादाच्या मित्राला तार करून आले. तारेत एकच गोष्ट कळवली, निघालो. मायला म्हणाले, "खोटं नाही काही. प्रस्थान ठेवलं, म्हणजे निंगालोच आपण."

बुधवारी उजाडता उजाडता टांगा दारात उभा होता. आम्ही न्हाऊन, कानातला कापूस मुठीत धरून तयार. सगळं कसं वेळेवर, शिस्तीत. बाबा पुरचुंडी आणायला शेजारी गेले आणि तिथेच उभे राहिले. मी मागून गेले. दाराला हे एवढं पितळी कुलूप!

समोरच्या घरातून कळलं की बाईच्या लेकीला मंगळवारी संध्याकाळी कळा सुटल्या, बाईचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला. कुठल्या गावी, कोणाला ठाऊक नाही. जाताना ती म्हणाली होती म्हणे, त्यांचं प्रस्थान आहे आत, पण ते परत त्यांच्या घरी कसं देऊ, अपशकुन होईल बिचाऱ्यांना. तिचं काय चुकलं? तिला बिचारीला काय माहीत आत तिकिटं आहेत! सुपारी-तांदूळ समजून तिनं आमचं भलंच केलं.

"फोडा कुलूप!" मी ओरडले. बाबा हलले नाहीत. मावशी म्हणाली, बाईमाणसाचं घर, ती नसताना फोडलं तर लोक काय म्हणतील. टांगेवाला घाई करायला लागला. तिकिटं नसली तरी आमची नावं तिकडच्या बाबूकडे लिहिलेली असणार, तिथे जाऊन पाया पडलो असतो तर कदाचित बसवलंही असतं. हे आज सुचतं. तेव्हा आमच्यापैकी कोणीच विमानाचं तोंड पाहिलेलं नव्हतं. तिकीट नाही म्हणजे जाणं नाही, एवढंच आम्हाला समजत होतं.

अखेर बाबांनी दगड उचलला. पहिला घाव घातला, दुसरा घातला, आणि वरून घरघर ऐकू आली. सगळ्यांनी माना वर केल्या. विमान घरांवरून उत्तरेकडे गेलं. मायनं पदर डोक्यावर ओढला आणि ती त्या कुलपासमोर मातीत बसली. बाबांच्या हातात दगड तसाच होता. मला त्यांचा इतका राग आला की काय सांगू. तो राग आजही गेलेला नाही, ते गेले तरी.

दुपारच्या गाडीनं आम्ही तिघं निघालो. गुरुवारी संध्याकाळी दिल्लीत उतरलो. दादा गुरुवारी सकाळीच गेला होता.

त्याचा मित्र भला पोरगा होता, मराठी बोलणारा. मायच्या पायाशी बसून रडला. म्हणाला, "काकू, तुमची तार वाचून दाखवली तेव्हापासून तो दाराकडेच बघत होता. ताप मेंदूला चढला होता. डॉक्टर म्हणाले, झोपेची सुई देतो, विसावा मिळेल. तर नको म्हणाला. माय निघाली आहे, ती आली आणि मी झोपलेला असलो तर? दोन्ही रात्री त्यानं डोळा मिटला नाही."

बाबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मायनं त्या पोराच्या डोक्यावरून हात फिरवला.

"आमी निंगालोच नव्हतो रे बाबू," ती म्हणाली. "त्याले झोपू द्यायचं होतं."